विदर्भात घरच्या वाडीत फुलगोबी आणि ब्रोकोलीचं सगळ्यात चांगलं वाण कोणतं?

अंगणात थोडी जागा आहे, दोन-तीन कुंड्या आहेत, आणि फुलगोबी-ब्रोकोलीचं ‘सगळ्यात चांगलं’ वाण सांगा असं तुम्ही विचारलंय. असं वाण नसतं हो. एवढंच वाक्य आमच्या घरी इतक्या वर्षांत कोणी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले. वावरात पऱ्हाटी (कापूस) नि तूर, घरामागे विहिरीजवळ वाडी. वाडी सासूबाईंची आणि माझी. पण भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, कृषी पदविका झालेले, त्यामुळे वावर असो की वाडी, शेवटचा शब्द त्यांचा. 2016 च्या आषाढात त्यांनी तालुक्यावरून स्नोबॉल नावाच्या फुलगोबीच्या बियाण्याचं पाकीट आणलं. वर पांढराशुभ्र गड्डा छापलेला, किंमतही तशीच. “याच्यापेक्षा चांगलं बियाणं नाही,” म्हणाले. मी रोपं टाकली, महिन्याने वाफ्यात लावली, निंदण केलं, पाणी दिलं. दिवाळी आली तरी फुलाचा पत्ता नाही. झाडं मांडीला लागत होती. पानं बाजूला करून पाहावं तर आत पुन्हा पानंच.

भाऊबीजेला नणंदा आणि त्यांचे मालक जेवायला बसलेले असताना भासरे म्हणाले, “आमच्या वाडीत फुलगोबीची पत्तागोबी होते.” सगळे हसले. मग सासूबाईंना म्हणाले, “तिले सांग, इतकं शेणखत टाकलं का पालाच होते.” मी दारामागेच उभी. आमच्याकडे भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नाही, त्यामुळे हे सगळं भांडण सासूबाईंच्या तोंडून चाललेलं आहे. मी सांगायचे, “आई, त्यांना म्हणा, बियाणं थंडीचं आहे.” उत्तर यायचं, “तिले म्हणा, पाकिटावर वाच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी झाडं उपटून बैलांपुढे टाकली. न्हाणीचं पाणी जाते तिथली दोन तेवढी राहिली, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची बाई हात धुवायला मागे गेली आणि तिनेच आवाज दिला. एका झाडात वाटीएवढं, घट्ट, पांढरं फूल. खत तेच, हात तोच. मधे फक्त थंडी पडली होती. मी ते फूल कापून सासूबाईंच्या हाती दिलं आणि भासऱ्यांच्या ताटात वाढायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने खाल्लं. शेणखताचा विषय मात्र आजही निघतो.

तर मुद्दा असा. लवकर येणाऱ्या वाणांना साधारण 20 ते 27 अंशात गड्डा धरतो, स्नोबॉल गटाला 10 ते 16 अंश लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी पारा तिशीच्या वर असते, मग ते बिचारं झाड पानं काढत थंडीची वाट पाहत बसेल नाही तर काय करेल? इंग्रजांनी 1822 च्या सुमारास सहारनपूरच्या बागेत ही भाजी आणली. पुढे उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी गरमीतही फूल धरणारं बी निवडत नेलं आणि त्याला महिन्यांची नावं दिली: कुंवारी म्हणजे क्वार, आपला आश्विन. कातकी म्हणजे कार्तिक. मग अगहनी (मार्गशीर्ष), पूसी (पौष), माघी. फूल कधी मिळेल ते नावातच आहे, पदविका लागत नाही. पुसा कातकी, पुसा दीपाली, पुसा कार्तिक संकर, पुसा शरद ही नावं वाचा, कळेल (पुसा म्हणजे दिल्लीची कृषी संशोधन संस्था). पुसा स्नोबॉल के-1 मात्र हिमाचलातल्या थंड कुलू खोऱ्यातल्या कतराईनची. ती पावसाळ्यात पेराल तर माझ्यासारखं दारामागे उभं राहावं लागेल.

माझं म्हणाल तर जून-जुलैत दीपालीसारखं लवकरचं पेरायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात मधलं, आणि स्नोबॉल हौस असेल तरच, सप्टेंबरअखेर. प्रत्येकाची दहा-बाराच रोपं. संकरित वाणाचे बहुतेक गड्डे साधारण एकाच वेळी येतात. बाजारवाल्याला ते सोयीचं, पण घरी तीस गड्डे एकदम आले की गल्लीत वाटत फिरावं लागते.

ब्रोकोलीला आपल्याकडे एकच मोका. सप्टेंबरच्या शेवटी रोपं, ऑक्टोबरअखेर लागवड. पुसा केटीएस-1 किंवा पालम समृद्धी. जांभळी पालम विचित्रा फोटोत छान दिसते. कळ्या घट्ट असतानाच कापा, पिवळं दिसलं की गेली. मधला गड्डा कापल्यावर झाड उपटू नका, बगलेतून लहान फुटवे येत राहतात. त्या हिशेबाने घरासाठी ब्रोकोलीच परवडते, पण आमच्याकडे बेसन लावून केली तरच खातात.

अळीसाठी कडेने मोहरी लावा, पतंग आधी तिकडे जातात. वर पाच टक्के निंबोळी अर्क. फूल अंड्याएवढं झालं की वरची पानं बांधा, नाहीतर उन्हाने पिवळं पडते.

एक कबूल करते, भासऱ्यांना सांगू नका. 2018 मध्ये उरलेलं लवकरचं बी मी नोव्हेंबरात पेरलं, रोपंही दीड महिन्याची होऊ दिली. सगळ्याला बटनाएवढी फुलं आली. रोप साधारण महिन्याचं झालं की लावायचं असते. आणि नत्र खरंच जास्त झालं तर दांडा पोकळ होतो, एवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. पण तो युरियाचा दोष, कुजलेल्या शेणखताचा नाही.

कुंडीचं राहिलंच. बादलीएवढी कुंडी, एकात एकच रोप. आणि शेणखत टाका चांगलं दोन ओंजळी, कोणी काही म्हणो.