डोंगल कुणाच्या खिशात?

"मॅडम, पंचावन्न झालं. हे कम्प्युटर डोक्यात शिरंना. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का?" महसूलवाले, एसटीवाले, शिक्षक, सगळ्यांकडून मी हे ऐकते. या वेळी समोर होते लातूरकडचे एक मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे महसूल अधिकारी (ओळख बदलली आहे). रात्री दोनला जाग, छातीत धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल.

पहिल्या भेटीत मी पुस्तकी बोलले. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की नवं तंत्र उपयोगी आणि सोपं वाटलं, तर माणूस ते स्वीकारतो. साहेबांनी चहा संपवला. "उपयोगी आहे ओ. सोपंही आहे. सोपं आहे म्हणूनच भ्या वाटतंय."

मग मी गप्प बसून त्यांचं काम ऐकलं. ई-फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या ऑनलाइन नोंदीत, तलाठी नोंद घेतात, नोटिशीचे १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी डिजिटल सहीनं ती प्रमाणित करतात. ही सही पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते, पिन टाकला की चालते. सही झाली की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. चूक राहिली, तर दुरुस्तीला महसूल अधिनियमाचं कलम १५५, म्हणजे तहसीलदारांचा आदेश. "पूर्वी फेरफार वहीत बघायचो, शंका आली की तशीच ठेवायचो, गावात विचारायचो. आता यादी डोळ्यासमोर लाल दिसतीय. किती दिवस पडून आहे ते वरपर्यंत कळतंय."

मी सहज विचारलं, "डोंगल कुठंय?"

ते खाली बघायला लागले. डोंगल पिनसकट एका खासगी पोराकडे होतं. सह्या तोच करायचा.

धडधडीचं मूळ इथं होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सहीची किल्ली सांभाळायची जबाबदारी सहीवाल्यावरच टाकतो, आणि साहेबांना ते पुरतं ठाऊक होतं. वयाचं निमित्त होतं. कम्प्युटर येत नाही म्हणणाऱ्यांत असे बरेच निघतात, आणि कार्यालयं त्यांना आणखी एका प्रशिक्षणाला धाडतात!

ठरलं ते एवढंच: डोंगल परत घ्यायचं, पिन बदलायचा, रोज सकाळी पाचच नोंदी, स्वतः. प्रत्येकीचा गट नंबर, क्षेत्र, नाव आधी वहीत लिहायचं, पडद्याशी ताडायचं, मगच सही. यादी तुंबली तर तहसीलदारांना स्वतःहून सांगायचं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. दोन आठवडे टाळलं.

तिसऱ्या भेटीला शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं डोंगल काढून दाखवलं. झोप आता चारपर्यंत टिकते म्हणाले. पोरगं रागावलंय. निवृत्तीचा अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे, फाडलेला नाही. मीही फाडा म्हटलं नाही.