सहाचा स्वोर्ड्समन तीनच्या आर्चरकडून का हरतो?

प्रश्न: सिव्हिलायझेशन ४ या कॉम्प्युटर गेममधे माझा स्वोर्ड्समन (तलवारवाला) ६ ताकदीचा, समोरचा आर्चर (तिरंदाज) फक्त ३ चा, तरी टेकडीवरच्या शहरावर हल्ला केला की माझाच मरतो. सेव्ह लोड करून परत तोच हल्ला केला तरी तोच निकाल. कॉम्प्युटर चीटिंग करतो ना?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. आधी सेव्हचं सांगतो. गेम रँडम नंबरचा सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून पुढचे सगळे रँडम नंबर निघतात तो, सेव्हमधेच ठेवतो, म्हणून तीच चाल परत केलीत की तोच निकाल येणार. लोड केल्यावर नवा सीड हवा असेल तर कस्टम गेम सुरू करतानाच तसा ऑप्शन निवडावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ६ विरुद्ध ३ बघताय पण लढाई त्या आकड्यांवर होतच नाही. आर्चरला बचाव करताना बोनस मिळतात: शहरात ५० टक्के, टेकडीवर स्वतःचे २५, टेकडीच्या जमिनीचे अजून २५, आणि पाच टर्न जागेवर बसून असेल तर फॉर्टिफायचे २५, म्हणजे झाले १२५. तुमच्या स्वोर्ड्समनला शहरावरच्या हल्ल्याला १० टक्के आहेत, ते गेम तुमच्यात मिळवत नाही तर आर्चरच्या बोनसमधून वजा करतो. राहिले ११५, म्हणजे आर्चर झाला ६.४५ चा! आणि शहराचा कल्चर डिफेन्स, म्हणजे शहराच्या संस्कृतीमुळे बचावाला मिळणारा बोनस, मी अजून धरलेलाच नाही.

तरी जवळजवळ बरोबरीच वाटते ना, पण खरी गंमत इथेच आहे. दोघांकडे १०० हिट पॉइंट, ते संपले की मेला. प्रत्येक राउंडला तुमचा वार लागायची शक्यता ६ भागिले १२.४५, म्हणजे ४८ टक्के. ताकद अगदी सारखी असेल तर एका वाराला २० पॉइंट जातात, म्हणजे पाच वारात खेळ खल्लास. इथे मात्र तुमच्या वाराला १९.२९ येतात आणि गेम अपूर्णांक सरळ कापून टाकतो, राहिले १९. पाच वारात ९५च होतात, म्हणजे तुम्हाला सहा वार लागणार आणि त्याला पाचच पुरणार. वर आर्चरला एक फर्स्ट स्ट्राइक आहे, पहिल्या राउंडला तुमचा वार लागला तरी त्याचं काहीच जात नाही. सगळं मांडून बघितलं तर तुमची जिंकायची शक्यता जेमतेम २७ टक्के निघते.

आता त्याच स्वोर्ड्समनला सिटी रेडरचं (शहरावरच्या हल्ल्यासाठीचं) पहिलं प्रमोशन, म्हणजे अनुभवातून मिळणारी बढती, द्या, आर्चरच्या बोनसमधून अजून २० टक्के गेले. तो ५.८५ वर आला, तुमचा वार पूर्ण २० चा झाला आणि त्याचा १९ वर घसरला. आता सहा वार त्याला लागणार! फर्स्ट स्ट्राइक धरूनही शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास जाते. एका प्रमोशनने २७ वरून ५८, मला तर या गेममधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि स्क्रीनवरच्या ६ आणि ३ कडे बघून ती कधीच कळणार नाही.

तक्रार तुमची एकट्याची नाही. या गेम मालिकेचे जनक सिड मायर यांनीच २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधे सांगितलं होतं की ३ विरुद्ध १ दाखवलं की खेळाडू जिंकणारच असं धरून चालतात आणि हरले की भडकतात.

तेव्हा हल्ल्याआधी राइट क्लिक दाबून धरा, टक्केवारी समोर येते. बॅरॅक बांधून स्वोर्ड्समन काढा म्हणजे प्रमोशन लगेच मिळतं. आणि कॅटपल्ट (दगड फेकणारी यंत्रं) आधी पाठवा, ते कल्चर डिफेन्स पाडतात, शिवाय एखादा हल्ल्यात मेला तरी आतल्या बऱ्याच जणांना जखमी करून जातो, आणि जखमी आर्चरची ताकद उरलेल्या हिट पॉइंटच्या प्रमाणात कमी झालेली असते.