‘अबेओकुटा साउथ’चे मूळ लोक कोण?

तुम्ही विचारलंय की नोकरीनिमित्त नायजेरियातल्या अबेओकुटा साउथमध्ये राहायला आल्यापासून सहकारी कधी स्वतःला योरुबा म्हणवतात, कधी एग्बा, तर कधी तिसरंच, एखाद्या गावाचं नाव सांगतात. मग या एलजीएचे (लोकल गव्हर्न्मेंट एरियाचे) मूळ लोक कोण समजायचे?

एलजीए हा फक्त कारभाराचा विभाग. नायजेरियात असे ७७४ आहेत, त्यातले २० ओगुन राज्यात. अबेओकुटा शहर एकच, पण कारभारासाठी त्याचे साउथ आणि नॉर्थ असे दोन भाग केलेत. साउथचं मुख्यालय आके इथे. शेजारच्या ओडेडा आणि ओबाफेमी-ओवोडे या एलजीएंतही एग्बांची गावं आहेत. त्यामुळे एलजीएच्या हद्दीवरून माणसं ओळखता येणार नाहीत.

तुमचे सहकारी सांगतात त्या तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. भाषेने, वंशाने ते योरुबा. त्यांतला एक समाज एग्बा. आणि तिसरं नाव असतं ते त्यांच्या जुन्या गावाचं, ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देईन.

अबेओकुटा वसण्यापूर्वी एग्बा जंगलात लहान लहान गावांतून राहत आणि ओयो साम्राज्याला खंडणी देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिसाबी नावाच्या शेतकऱ्याने ते जोखड झुगारून दिलं. त्याची पद्धत मला फार विलक्षण वाटते. ‘आरो’ म्हणजे आपल्याकडची सावडच. आज सगळे माझ्या शेतात, उद्या तुझ्या. या सावडीतूनच त्याने लढणारी माणसं उभी केली. आजही एग्बा स्वतःला लिसाबीची लेकरं म्हणवतात आणि दरवर्षी त्याचा उत्सव करतात.

पुढे ओयो खिळखिळं झालं आणि १८२० च्या दशकातल्या युद्धांत एग्बांची गावं एकामागून एक उद्ध्वस्त झाली. काही जण इबादानला गेले, पण तिथेही निभाव लागेना. अखेर १८३० मध्ये सोडेकेच्या नेतृत्वाखाली लोक ओलुमो खडकाच्या आश्रयाला आले आणि अबेओकुटा वसलं. ओवु हे खरं तर वेगळे योरुबा. त्यांचं शहर त्याच युद्धांत पडलं होतं, तेही काही वर्षांत इथे येऊन वसले. माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो हे ओवुच.

आलेल्यांनी आपापलं गाव सोबत आणलं. इतोकू, केम्टा, इग्बेइन, इजेमो ही आज मोहल्ल्यांची नावं वाटतात, पण मूळची ती जंगलातल्या गावांची. प्रत्येकाचे मानकरी वेगळे, ओग्बोनी पंचायत वेगळी. त्यामुळे साऱ्या शहराचा एक राजा असा नव्हताच. ओकुकेनु पहिला आलाके (आकेचा राजा) झाला तो १८५४ मध्ये, म्हणजे वस्तीनंतर चोवीस वर्षांनी. आजही एग्बा आलाके, ओके-ओना, ग्बागुरा आणि ओवु असे चार विभाग आहेत आणि चौघांचे चार राजे.

यात सिएरा लिओनहून परतलेले सारोही मिसळले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली ही माणसं. त्यांतलेच सॅम्युअल अजायी क्राउथर १८४६ मध्ये इथे मिशनरी म्हणून आले आणि सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेली त्यांची आई त्यांना इथेच भेटली. १८५९ पासून ‘इवे इरोहिन’ हे योरुबा वृत्तपत्र याच शहरातून निघू लागलं. पश्चिमेकडच्या डाहोमे राज्याच्या सैन्याला १८५१ आणि १८६४ मध्ये याच मिश्र वस्तीने परतवलं. १९१४ पर्यंत एग्बांचं स्वतःचं सरकार होतं. १९४० च्या दशकात फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी करांविरुद्ध इतका जोर लावला की १९४९ मध्ये आलाकेंना गादी सोडून शहराबाहेर जावं लागलं. पुढच्या वर्षी ते परतले.

सहकाऱ्यांशी बोलताना ‘तुमचं अबेओकुटातलं गाव कोणतं?’ असं विचारा. ओवु माणसाला सरसकट एग्बा म्हणू नका, काहींना ते खटकतं. आणि लेगोसहून कामासाठी आलेले, इजेबु, इग्बो, हौसा अशा इतर समाजांचेही शेजारी भेटतील. तेही याच एलजीएचे रहिवासी आहेत, फक्त त्यांचं मूळ इथलं नाही.