वितंडवाद म्हणजे मोठा वाद नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘दोन नगरसेवकांत वितंडवाद रंगला’ अशी बातमी वाचली. दोघांचं जोरदार भांडण झालं म्हणून हा शब्द बरोबर ठरतो का?

नाही. जोरदार भांडणाला खडाजंगी म्हणा, हमरीतुमरी म्हणा, शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? माझा संशय ‘प्रचंड’वर आहे. त्याच्याशी यमक जुळतं म्हणून ‘वितंड’ही अवाढव्य वाटू लागतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत (न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा हा मूळ ग्रंथ) कथेचे, म्हणजे वादचर्चेचे, तीन प्रकार आहेत. तत्त्व शोधायला बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा पाडतात ती वितंडा. सूत्रच आहे : ‘स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा’. आवाज किती चढला याचा संबंधच नाही. आमच्या सोसायटीच्या सभेतले एक काका अगदी हळू बोलतात. टँकर मागवू? ‘ते पाणी खराब.’ बोअर मारू? ‘कोरडी जाईल.’ मग करायचं काय? ‘ते कमिटीनं ठरवावं.’ शुद्ध वितंडा!

आता खरी गंमत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘तडि ताडने’ (मारणे) आहे, त्याचं रूप ‘तण्डते’. जिनं परपक्ष हाणून पाडला जातो ती वि-तण्डा. आणि आपली आजी काय म्हणायची? ‘कशाला उगाच तंडत बसता रे!’ म्हणजे नैयायिकांचा (न्यायशास्त्रवाल्यांचा) धातू आजीच्या स्वयंपाकघरात जिवंत होता. (तांडवाला यात ओढू नका, ते शिवाचा गण तंडू याचं.) माझ्या मते ‘तंटा’ही याच घरातला. तो हिंदीतल्या ‘टंटा’वरून आला असं सांगून हात झटकणाऱ्यांनी आधी ‘टंटा’ कुठून आला ते सांगावं. २००७ साली सरकारनं गावं तंटामुक्त करायला मोहीम काढली, तेव्हा मला उगाचच वाटलं की हे वितंडामुक्तीचंच काम आहे.

‘वितंडवाद = निरर्थक बडबड’ असं लिहून मोकळे होणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं वैतंडिकाला, म्हणजे वितंडा करणाऱ्याला, पेचात धरलंय : तुझं प्रयोजन काय? सांगितलंस तर तुझा पक्ष झाला, मग तू वैतंडिक राहिला नाहीस. पेच सुरेख आहे, पण मला पटत नाही. दुसऱ्याचं घर गळतं हे दाखवायला स्वतःचं घर बांधलेलं असावं लागत नाही. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं याच रीतीनं नैयायिकांच्या व्याख्या एकेक करून उसवल्या आणि ग्रंथाला नाव दिलं ‘खण्डनखण्डखाद्य’, म्हणजे खंडनाची मिठाई. त्याला कोण बडबड म्हणेल?

हां, ते नगरसेवक. दोघांनाही आपापलं म्हणणं होतं आणि दोघांनाही जिंकायचं होतं, म्हणजे तो जल्प. दोघांकडे पक्ष होता, म्हणून वितंडा नाही. इथे ‘पक्ष’चा दुसरा अर्थ काढून मला अडवू नका. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असं बोलणाऱ्याला ‘नऊ कुठे आहेत, एकच तर आहे’ असं ‘नव’चा ‘नऊ’ हा अर्थ काढून विचारणं म्हणजे छल, आणि छल जल्पात चालतो, वादात नाही.