वर्ग शांत, वही कोरी

प्रश्न : बाई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीला गणित शिकवतो. वर्गात 62 मुलं. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप बसतो, पण चाचणीत मार्क तेवढेच. घरी बघून या म्हणावं, तर घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर शेतावर. वरून ‘डिजिटल साधनं वापरा’ असा तगादा आहेच. काय करावं?
— एक शिक्षक

उत्तर : सर, चिडीचूप वर्गाला मीही भुलले होते. एका वर्षी वर्तुळाचं अख्खं प्रकरण व्हिडिओवर उरकलं आणि घटक चाचणीत आंतरलिखित कोनाच्या, म्हणजे वर्तुळावरच्या बिंदूपाशी होणाऱ्या कोनाच्या, गणिताला निम्म्या वर्गानं हातही लावला नाही. तेव्हापासून माझा हट्ट एकच : मुलांनी वहीत अंदाज लिहिल्याशिवाय पडद्यावर काही हलवायचं नाही.

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवता येणारं सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर एकदा उतरवून ठेवा. फुकट आहे, नंतर नेट लागत नाही. वर्तुळ काढा, केंद्रीय कोन (केंद्रापाशी होणारा कोन) 70 अंशांचा होईल अशी जीवा घ्या, विशालकंसावर, म्हणजे वर्तुळाच्या मोठ्या भागावर, एक बिंदू ठेवा आणि तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडा. कोन 35 अंश दिसेल. आता माउसवरचा हात काढा आणि विचारा, ‘हा बिंदू जीवेच्या टोकाकडे सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील?’ दोन मिनिटं लिहू द्या, शेजाऱ्याशी वाद घालू द्या. माझ्या वर्गात बहुतेक मुलं ‘कमी होईल’ म्हणायची, कारण त्रिकोण बारीक होताना दिसतो. मग सावकाश सरकवा. 35, 35, 35. आकडा हलत नाही म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघतात. बिंदू जीवा ओलांडून लघुकंसावर (लहान भागावर) गेला की एकदम 145! तिथंच थांबा. ‘असं का?’ हे मुलांच्या तोंडून आलं, की फळ्याकडे वळा. सिद्धता मात्र खडूनंच, एकेक पायरी मुलांकडून काढून घेत.

62 जणांचे अंदाज एकदम कळायला प्लिकर्स या, कॅमेऱ्यानं कार्डं वाचणाऱ्या ॲपची कार्डं छापून घ्या. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मूल धरतं, तुम्ही आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवता. मुलांकडे फोन लागत नाही. रेंज नसेल त्या दिवशी छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी बदलत नाही.

घरच्या मोबाइलवर धडा अजिबात सोपवू नका. 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स यांनी ‘आधी घरी व्हिडिओ, मग वर्गात सराव’ ही पद्धत सुरू केली, तेव्हा घरी इंटरनेट नसलेल्या मुलांना त्यांनी डीव्हीडी दिल्या होत्या. ही सोय आपण करू शकत नसू, तर तो गृहपाठ देऊच नये. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत संगणक खोली उघडी ठेवा. अडलेलं मूल तिथं स्वतः बिंदू सरकवून बघतं, आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारं मूलही विचारायला येतं.

आणि लाइट गेली तर? प्लायवर वर्तुळ काढून कडेनं खिळे ठोका. जीवेच्या दोन टोकांना दोरा बांधा, मधला भाग एकेका खिळ्यावर ताणा आणि कोनमापक लावा. अर्धाएक अंश इकडेतिकडे येतोच, आणि तो कुठून आला यावर मुलं तावातावानं भांडतात. तो तास घंटा झाली तरी संपवावासा वाटत नाही.