विकीच्या चर्चापानावर नवख्याचा मजकूर कोणी ना कोणी का हलवतं?

प्रश्न थोडक्यात असा: "विकिपीडियावर नवीन आहे. एका लेखातली चूक चर्चापानावर सांगितली. एकाने माझा मजकूर पानाच्या तळाशी नेला, दुसऱ्याने सही नाही म्हणून टोकलं, चुकीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. या रितींशी जुळवून घ्यायला किती दिवस लागतात?"

मजकूर खाली नेणारा बरोबर. सहीवरून टोकणारा अर्धा बरोबर. चुकीबद्दल न बोलणारे सगळे चूक. प्रश्न तुमचा असला तरी या उत्तराचा बराचसा भाग त्यांच्यासाठी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चर्चापान, म्हणजे लेखाला जोडलेलं चर्चेचं पान, दिसतं गप्पांच्या धाग्यासारखं, पण आतून ते साधं सलग मजकुराचं पान आहे. हा संदेश अमक्याचा आणि ते त्याला दिलेलं उत्तर, अशी वेगळी नोंद मीडियाविकी हे सॉफ्टवेअर ठेवत नाही. त्याच्या लेखी लेख आणि चर्चा सारखेच: एक पान आणि त्याचा इतिहास. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ सालच्या पहिल्या विकीवर (कोणालाही बदलता येणाऱ्या पानांच्या संकेतस्थळावर) तर चर्चेला वेगळी जागासुद्धा नव्हती. पानावरच बोलणं सुरू व्हायचं आणि पुढे कोणीतरी त्या संवादाचा सलग मजकूर करून टाकायचं. विकिपीडियावरही सुरुवातीला चर्चा लेखाच्या उपपानावर चाले. स्वतंत्र चर्चा-नामविश्व (चर्चापानांचा वेगळा विभाग) आलं २००२ साली, नव्या सॉफ्टवेअरबरोबर. पण चर्चापानाचा पिंड तोच राहिला. म्हणून तिथल्या बहुतेक रिती म्हणजे यंत्रातल्या भोकांना लोकांनी लावलेली ठिगळं आहेत. कुठलं ठिगळ कुठल्या भोकावर आहे हे एकदा कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

सहीपासून बघू. चार टिल्डे (~~~~) टाकून जतन केलं की नाव आणि वेळ उमटते. तीन टाकले तर नुसतं नाव, पाच टाकले तर नुसती वेळ. यात शिष्टाचाराचा भाग थोडा आहे, यंत्राचा जास्त. संदेशाशेजारी दिसणारा उत्तर देण्याचा दुवा सहीतल्या नाव-वेळेवरून संदेश ओळखतो. वेळेचा शिक्का नसेल तर तुमच्या ओळींना तो दुवा येत नाही, आणि मग उत्तर देणाऱ्याला अख्खा विभाग संपादनासाठी उघडावा लागतो. जुन्या चर्चा विदागारात (साठवणीच्या पानांवर) हलवणारे सांगकामे (आपोआप संपादन करणारे प्रोग्रॅम) सुद्धा याच शिक्क्यांवरून चर्चेचं वय मोजतात. ज्या विभागात एकही शिक्का नाही तो वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. म्हणजे तुम्हाला उत्तर न मिळण्याचं एक कारण अगदी यांत्रिक असू शकतं. इंग्रजी विकिपीडियावर साइनबॉट नावाचा सांगकाम्या सही विसरणाऱ्यांची नावं मागाहून टाकत फिरतो. जिथे तो नाही तिथे अशा सहीसाठीचा साचा (तयार मजकुराचा तुकडा) लावून, इतिहासातून नाव आणि वेळ उचलून, कोणीही हे काम करू शकतं. टोकणाऱ्याने हे करून तुमच्या चुकीबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या तर तेवढेच कष्ट पडले असते.

सहीच्या आणखी दोन गोष्टी. लेखाच्या मजकुरात सही करायची नसते (नवखे हटकून करतात, कारण चर्चापानावर त्यांना तसं बजावलेलं असतं), आणि संपादन सारांशाच्या (काय बदललं ते थोडक्यात लिहायच्या) चौकटीत टिल्डे टाकले तर ते टिल्डेच राहतात. रंगीबेरंगी सही करायची हौस असेल तर मर्यादा २५५ अक्षरांची आहे, आणि तिच्यात तुमच्या सदस्यपानाचा, सदस्य चर्चापानाचा किंवा योगदानाच्या पानाचा दुवा असायला हवा.

नवा विषय तळाशी, कारण वाचणारे नवं खालीच शोधतात. वरच्या 'विषय जोडा' या दुव्याने सुरू केलात तर शीर्षक, जागा आणि सही तिन्ही आपोआप होतात. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

आता समास. इथे मी लांबण लावणार आहे, कारण यावर एका जुन्या सदस्याशी माझा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, डोळ्यांना पायऱ्या नीट दिसल्या म्हणजे झालं. नाही झालं.

उत्तर आत सरकवायला ओळीच्या सुरुवातीला कोलन (:) देतात. ठिपक्यांची यादी हवी असेल तर तारा (*). कोलन म्हणजे नुसती मोकळी जागा, असं सगळ्यांना वाटतं. पडद्यामागे मात्र त्याचीही एक यादीच तयार होते. वरच्या माणसाने तारा वापरलाय आणि त्याखाली तुम्ही दोन कोलन दिलेत, तर मीडियाविकी पहिली यादी बंद करून दुसरी, आणि तिच्या पोटात तिसरी उघडतो. डोळ्यांना काही फरक जाणवत नाही. पण जो स्क्रीन रीडरने पान ऐकतोय त्याला प्रत्येक उत्तरागणिक 'यादी संपली, यादी सुरू' असलं काहीतरी ऐकावं लागतं, आणि कोण कोणाला उत्तर देतंय हा पत्ताच हरवतो. दोन उत्तरांमध्ये एक रिकामी ओळ सोडली तरी हेच होतं. प्रत्येक रिकाम्या ओळीला यादी तुटते.

उपाय सोपा आहे. ज्याला उत्तर देताय त्याच्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणा जशाच्या तशा उतरवा आणि शेवटी एक कोलन वाढवा. त्याचं (*) असेल तर तुमचं (*:), त्याचं (*:) असेल तर तुमचं (*::), त्याचं (::) असेल तर तुमचं (:::). मध्ये रिकामी ओळ नको. दुसरा परिच्छेद हवा असेल तर तीच खूण पुन्हा देऊन नव्या ओळीवर लिहा. सात-आठ पायऱ्या झाल्या की फोनवर मजकुराची नुसती उभी पट्टी उरते. मग कोणीतरी समास परत डावीकडे आणतं, त्यासाठी साचा असतो. आणि ओळीची सुरुवात स्पेसबारने कधीच करू नका. तसं केलं की ती ओळ टंकलेखनासारख्या अक्षरांत एका चौकटीत अडकते आणि लांब असेल तर पडद्याबाहेर पळते. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात अशी स्पेस लपून येते. जतन करण्याआधी झलक पाहिली की लगेच कळतं.

उत्तर देण्याचं बटण (वर सांगितलेला उत्तराचा दुवा) वापरलंत तर समास ते स्वतः जुळवतं. 'बटणामुळे नवखे विकीमजकूर शिकत नाहीत' (म्हणजे कोलन-ताऱ्यांची ही खुणांची भाषा) ही तक्रार मला पटत नाही. २०१९ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने चर्चापानांबद्दल जगभरच्या समुदायांशी सल्लामसलत केली. त्याआधी 'फ्लो' नावाची पूर्ण वेगळी चर्चापद्धत आणून पाहिली होती. तिला अनेक ठिकाणी विरोध झाला, आणि इंग्रजी विकिपीडियावरून ती २०१६ साली काढली गेली. सल्लामसलतीतून निघालं ते असं की विकीमजकुराची पानं ठेवा, पण त्यांवर लिहिणं सोपं करा. बटण त्यातूनच आलं. पान आतून जुनंच आहे आणि नवख्याला कोलन मोजत बसावं लागत नाही. यात हरकत घेण्यासारखं काय आहे? बटण कुठे चालत नाही तेवढं ठाऊक हवं: सही नसलेल्या संदेशाला, आणि साच्यातून येणाऱ्या मजकुराला. तिथे वरची कोलनची युक्ती उपयोगी पडते.

साद घालण्याचं एक गुपित बऱ्याच जुन्यांनाही माहीत नसतं. एखाद्याच्या सदस्यपानाचा दुवा दिला की त्याला सूचना जाते, पण त्यासाठी दुवा आणि तुमची ताजी सही एकाच जतनात पडायला हवी. नाव चुकलं म्हणून नंतर जाऊन नुसतं नाव दुरुस्त केलंत तर सूचना जात नाही, आणि ती गेली नाही हे तुम्हाला सहसा कळतही नाही. खाली नवी ओळ लिहा, नाव नीट द्या, परत सही करा. एका वेळी ५० पेक्षा जास्त जणांना साद घातली तर कोणालाच पोचत नाही. ज्याच्या स्वतःच्या सदस्य चर्चापानावर लिहिताय त्याला वेगळी साद नको, त्याला सूचना मिळतेच.

लिहून झाल्यावर मत बदललं तर? कोणी उत्तर देण्याआधी खुशाल बदला. उत्तर आल्यानंतर मूळ शब्द पुसू नका, नाहीतर खालचं उत्तर वेड्यासारखं दिसतं. खोडरेघ द्या (एस टॅग), नवा शब्द बाजूला द्या, वेळ टाका. तसंही इतिहासात सगळं राहतंच. दुसऱ्याच्या संदेशातला समास किंवा जागा सुधारली तर चालतं, त्याचं शुद्धलेखन सुधारायचं नाही. तुमचा मजकूर तळाशी गेला तो याच हक्काने. शब्दांना हात लागला असेल तर तक्रार जरूर करा.

आता ज्याची खरी गरज आहे ते. 'हे चूक आहे, दुरुस्त करा' अशा संदेशावर कोणी काही करू शकत नाही. काय, कुठे आणि कशावरून, हे तिन्ही वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं. असं लिहा: "दुसऱ्या विभागाच्या पहिल्या परिच्छेदात जन्मसाल १९२३ आहे. चौथ्या तळटिपेतल्या पुस्तकात पृष्ठ १७ वर १९३२ आहे. अंक उलटसुलट झालेत असं वाटतं. १९३२ करू का?" अमक्याच्या जागी तमकं, आणि त्याला आधार. लेख सुरक्षित (सगळ्यांना संपादनासाठी खुला नसलेला) असेल किंवा विषयाशी तुमचे हितसंबंध असतील तर संपादन विनंतीचा साचा लावून नेमकं हेच द्यायचं असतं, म्हणजे विनंती निपटणारा एका वाचनात निर्णय घेतो.

माझं स्पष्ट मत विचाराल तर अंकांच्या अदलाबदलीसारख्या चुकीसाठी चर्चापानावर जाऊच नका. दुरुस्त करा, सारांशात संदर्भ लिहा, पुढे चला. कोणी तुमचा बदल उलटवला (परत पूर्वीसारखं केलं) तर मग चर्चापान. आधी परवानगी मागायची सवय जुन्यांच्या टोकण्यातून लागते, नियमांतून नव्हे.

आणि उत्तर येईलच असं धरू नका. साधनांच्या यादीतल्या 'पानाची माहिती' या दुव्यावर पानावर किती जणांची नजर आहे ते पाहता येतं. इंग्रजी विकिपीडियावर आकडा ३० पेक्षा कमी असेल तर नुसतं 'तीसपेक्षा कमी' दिसतं. तो शून्यही असू शकतो. आठवडाभर वाट पाहा, मग चावडीवर (अख्ख्या विकीच्या सामाईक चर्चापानावर) किंवा विषयाच्या प्रकल्पपानावर मूळ चर्चेचा दुवा द्या. तोच मजकूर तीन ठिकाणी चिकटवू नका, चर्चा तीन ठिकाणी फुटते. आपल्या मताची माणसं वेचून त्यांनाच बोलावणं तर फारच वाईट दिसतं, आणि सहमती डोकी मोजून होत नसल्याने त्याचा फायदाही होत नाही.

जुन्यांना एवढंच. 'आधी नियम वाचा' म्हणत नियमपानांच्या नावांचे मोठ्या अक्षरांतले तीन संक्षेप फेकणं म्हणजे उत्तर नव्हे. नवखा नियमपानं वाचून शिकत नाही, आपल्या संदेशाचं पुढे काय झालं हे बघून शिकतो. सही तुम्ही टाका, समास तुम्ही लावा, संपादन सारांशात का ते लिहा आणि उत्तर मुद्द्याचं द्या. पुढचा संदेश तो तसाच लिहील. गप्प बसलेल्या नवख्याला उर्मट समजण्याआधी हेही ध्यानात घ्या, की फोनवरच्या अ‍ॅपमधून संपादन करणाऱ्यांना चर्चापानावर संदेश आलाय हे बराच काळ नीट कळतच नसे.

किती दिवस, हे राहिलंच. टिल्डे आणि कोलन एका बैठकीत येतात. वेळ जातो तो कुठल्या पानावर कोणाची नजर असते हे उमगायला, आणि ते प्रत्येक विषयात वेगळं.

हे सगळं विकिपीडिया आणि तिच्या भावंडांना धरून लिहिलंय. फॅन्डम या चाहत्यांच्या विकींच्या संकेतस्थळावरच्या अनेक विकींवर सदस्याशी बोलायला संदेशभिंत असते, तिथे सहीच लागत नाही. विदागार कधी करायचं याचे अंदाजही जागेप्रमाणे बदलतात. इंग्रजी विकिपीडियाची मार्गदर्शिका ७५ किलोबाइटच्या पुढे गेलेल्या पानांबद्दल बोलते, लहान विकीवर त्याची फिकीर कोणी करत नाही. विदागारात गेलेल्या चर्चेत उत्तर लिहू नका, नवा विषय काढून जुन्याचा दुवा द्या. आणि एखाद्याने तुमचा संदेश स्वतःच्या सदस्य चर्चापानावरून उडवला तर इंग्रजी विकिपीडियावर तो त्याचा हक्क आहे. वाचला असं धरतात. परत टाकू नका. लेखाबद्दलचा मुद्दा असेल तर लेखाच्या चर्चापानावर मांडा, तिथून तो उडवायचा हक्क त्याला नाही.