शंका-समाधान : लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर अडतं

प्रश्न : आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) प्रोजेक्टमध्ये गेल्या आठवड्यात कोडची एक ओळही बदलली नाही, तरी सर्व्हरवर बिल्ड (कोडपासून चालतं अ‍ॅप तयार करणं) फेल व्हायला लागली. लॅपटॉपवर सगळं सुरळीत. पॅकेज-लॉक फाइल (लायब्रऱ्यांची नेमकी व्हर्जन्स नोंदणारी) हजारो ओळींची, रिव्ह्यूत नुसती गर्दी. म्हणून ती गिट-इग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींची यादी) टाकली आहे. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर : दुखणं तिथंच आहे. पॅकेज.जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) '^4.17.1' लिहिलं की '4.17.1 किंवा त्यापुढचं, पण 5 च्या आतलं काहीही चालेल' अशी मुभा मिळते. लॅपटॉपवर जुनी व्हर्जन्स नोड-मॉड्यूल्समध्ये (उतरवलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर) तशीच पडून आहेत. सर्व्हर कोरा, तो आजचं ताजं उचलतो. (0 पासून सुरू होणाऱ्या व्हर्जनला कॅरेट, म्हणजे ^ हे चिन्ह, जास्त कडक: '^0.4.2' म्हणजे 0.5.0 च्या आत.) कॅरेट काढून नेमके आकडे लिहिले तरी भागत नाही. तुम्ही घेतलेली लायब्ररी आणखी चार लायब्रऱ्या ओढून आणते आणि त्यांच्यापुढे बहुधा कॅरेट असतोच. ही सगळी उतरंड नोंदलेली असते ती लॉक फाइलमध्ये.

लॅपटॉपवरची लॉक फाइल पुसून नवी बनवू नका. चालणारी जुळणी तिच्यातच आहे. गिट-इग्नोरमधली ओळ काढा, तीच फाइल कमिट करा (गिटमध्ये नोंदवा) आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी (एनपीएम म्हणजे नोडच्या लायब्रऱ्या उतरवणारं साधन) 'एनपीएम सीआय' चालवा. ही कमांड नोड-मॉड्यूल्स पुसून लॉकबरहुकूम सगळं उतरवते. पॅकेज.जेसन आणि लॉक जुळले नाहीत तर तिथंच थांबते. बहुतेक वेळा कुणीतरी पॅकेज.जेसन हाताने बदलून लॉक कमिट करायला विसरलेलं असतं. मर्ज करताना (दोघांचे बदल एकत्र करताना) लॉकमध्ये कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे बदल एकमेकांशी भिडले, तर ओळी निवडत बसू नका. आधी पॅकेज.जेसन नीट करा, मग 'एनपीएम इन्स्टॉल' चालवा. नोडचं व्हर्जनही दोन्हीकडे एकच हवं.

प्रश्न : 'एनपीएम ऑडिट' (लायब्रऱ्यांतल्या सुरक्षा-त्रुटी शोधणारी कमांड) डझनभर इशारे दाखवतं. 'ऑडिट फिक्स' फोर्स लावून चालवू का?

उत्तर : नको. फोर्स लावला की ते मेजर व्हर्जनही (पहिला आकडा) बदलतं, आणि इशारा जाऊन अ‍ॅप मोडतं. आधी 'ओमिट=डेव्ह' लावून ऑडिट करा; टेस्ट आणि बिल्डच्या साधनांपुरते असलेले इशारे गळतील. उरलेल्यांसाठी 'एनपीएम एक्स्प्लेन' आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन चालवा. ते कुणाच्या मागून आत शिरलं हे दिसेल. त्या मूळ लायब्ररीचं नवं व्हर्जन नसेल तर पॅकेज.जेसनमधल्या 'ओव्हरराइड्स'मध्ये दुरुस्त व्हर्जन नेमून द्या (एनपीएम 8.3 पासून ही सोय आहे) आणि टेस्ट चालवा. मूळ लायब्ररी सुधारली की ती ओळ आठवणीनं काढा, नाहीतर पुढचे अपडेट तिथंच अडकतील.

प्रश्न : छोट्या कामासाठी लायब्ररी घ्यावी का?

उत्तर : मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे मजकुराच्या डावीकडे भर घालणारं, अवघ्या 11 ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरून काढलं आणि जगभर बिल्ड अडल्या. ते काम आज जावास्क्रिप्टचं 'पॅडस्टार्ट' करतं. असली छोटी कामं स्वतः लिहा. एन्क्रिप्शन आणि टाइमझोन मात्र घरी बनवू नका.